बारीची आई आणि ओटीपी

“फाटकाची किल्ली कुणाला द्यायची न्हाई. मी मागितली तरी द्यायची न्हाई.”

आमच्या सासूबाई, गुरम्माअव्वा, यांनी मला हे सांगितलं ते भूकंपाच्या वर्षी. पडलेल्या गावांतल्या काही पोरी लातूरला आमच्या घरी आणून ठेवल्या होत्या. त्यांचे मामा-काका न्यायला येत. त्यात खरेही असत आणि नुसतेच आलेलेही असत. म्हणून फाटकाला कुलूप आणि किल्ली माझ्या कमरेला. त्याच संध्याकाळी अव्वा सिद्धेश्वराचं दर्शन घेऊन आल्या आणि बाहेरून म्हणाल्या, “किल्ली दे गं.” मी दिली नाही. सासरे येईपर्यंत त्या कट्ट्यावर बसून राहिल्या. आत आल्यावर चपला काढता काढता एवढंच म्हणाल्या, “जमलं तुला.”

त्या पोरी मोठ्या झाल्या, आपापल्या घरी गेल्या. तोवर लातुरात गल्लोगल्ली ट्यूशन लागल्या, आणि रिकाम्या खोल्यांत दुसऱ्या पोरी आल्या. कुणाला इंजिनियर व्हायचं, बहुतेकींना डॉक्टर. अव्वा गेल्या, पाटी लागली, ‘गुरम्मा मुलींचे वसतिगृह’. पाटीवर माझं नाव नाही, पण फाटकापाशी मी असते. माझी सकाळची लिंगपूजा होईपर्यंत मी बोलत नाही, हा माझा नेम आहे. तेवढी वेळ सोडली तर दिवसभर पोरींच्या घरचे फोन घेते आणि कुणी कुणासोबत जायचं ते ठरवते. मी हे काम फार चोख करते असं माझं मत होतं. श्रावणातल्या एका शनिवारी ते गेलं.

त्या दुपारी फोन आला. जाड, घोगरा आवाज. “हॅलो काकू, मी मोहसीन बोलतोय, अर्धापूरहून. मनतशाच्या दादीची तब्येत बरी न्हाई. माझा माणूस यायलाय, पोरीला लावून द्या.”

मनतशा ही आमच्याकडची बारावीची पोरगी. वडील केळीचे व्यापारी. मी मनापासून हळहळले. दादींना भाजलेल्या ओव्याचा शेक द्या म्हणाले, वरून तुमचाही आवाज बसलाय, हळदीचं दूध घ्या म्हणून सांगितलं. रिक्षा आली, पोरगी खाली मान घालून तीत बसून गेली. मला वाटलं, दुःखानं.

थोड्याच वेळात फाटकाशी टेम्पो थांबला आणि केळीचा घड खांद्यावर घेऊन खुद्द मोहसीनभाई उतरले.

“काकू, मनतशाला बोलवा. बाजार लवकर आटपला, म्हटलं भेटून जावं.”

“अहो, ती तर तुमच्याकडं गेली. तुम्हीच बोलावलंत ना?”

मोहसीनभाईंनी घड खाली ठेवला. “काकू, मी हितं हाय. मग माझ्याकडं गेली म्हंजे कुठं गेली?”

त्याचं उत्तर संध्याकाळी रिक्षातून उतरलं, हातात मक्याच्या लाह्यांची पिशवी घेऊन. सिनेमा चांगला नव्हता म्हणे. फोनवरचा आवाज तिच्या खोलीतल्या मैत्रिणीचा होता. तिनं तो स्टीलच्या ग्लासात तोंड घालून काढला होता. आणि मी त्या ग्लासाला हळदीचं दूध घ्यायला सांगितलं होतं.

मोहसीनभाई ओरडले असते तर बरं झालं असतं. ते हळू आवाजात बोलले. “घरात सगळे म्हनत होते, नांदेडला शिकव, रोज ये-जा करील. मी हट्टानं लातूरला ठेवली, तुमच्या भरोश्यावर. एक डाव झालं, सोडून दिलं. पर आता माझ्या पक्क्या हो-शिवाय पोरगी फाटकाभायेर गेली, तर त्याच दिवशी सामान बांधून नेतो. मग सीईटी न्हाई का डाक्टरी न्हाई.”

मनतशा रडायला लागली. ती जीवशास्त्रात ट्यूशनमध्ये पहिली यायची. मी मोहसीनभाईंना शब्द दिला.

शब्द दिला खरा, पण पाळायचा कसा? यावर घरात आणि घराबाहेर चर्चा सुरू झाली. शेजारच्या रजियाभाभी, ज्यांचं शिवणकामाचं दुकान आमच्या भिंतीला लागून आहे, त्या म्हणाल्या, “अक्का, सोपं हाय. जो कोणी न्यायला येईल त्याला विचारा, पोरीच्या ड्रेसची उंची किती? सगा बाप असंल तर सांगील.” मी आमच्या मालकांना आमच्या मुलाच्या शर्टाचं माप विचारलं. ते म्हणाले, “कोणत्या मुलाच्या?” आम्हाला एकच मुलगा आहे. ती सूचना मागं पडली.

मालकांना सगळे अप्पा म्हणतात. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले, आणि नोकरीच्या अखेरीला अंगठ्याच्या हजेरी यंत्रानं त्यांना फार छळलं होतं. त्यामुळे त्यांनी तसंच यंत्र विकत आणलं. आता दुसऱ्यांना छळायची संधी होती. फाटकाला यंत्र बसलं. पूजा आटोपून मी पहिला मान घ्यायला गेले. बोटांना विभूती होती. रोज तीन बोटांनी कपाळावर ओढते, ती बोटांच्या रेघांत बसलेली असते. यंत्र म्हणालं, पुन्हा प्रयत्न करा. मी केला. यंत्र म्हणालं, ओळख पटली नाही. बोट बदललं, हात बदलला, पदरानं पुसून पाहिलं. ज्या घराचं माप ओलांडून मी आत आले, त्या घराच्या दारात त्या डब्यानं मला लाल दिवा दाखवला. मागं पोरींची रांग लागलेली. एक म्हणाली, “काकू, तुम्ही नवीन ॲडमिशन का?”

तेव्हा माझी सून वर्षाराणी म्हणाली, “अव्वा, मी करते.” अव्वा म्हणजे आता मी.

वर्षाराणी निलंग्याकडची. पुण्याच्या कंपनीचं काम घरातूनच करते. काम काय, तर कंपन्यांच्या वेबसाइटवर माणसाला आत घेताना तो तोच आहे हे कसं ओळखायचं ते ठरवणं. म्हणजे तिचं आणि माझं काम एकच निघालं, आणि लग्नाला एवढे दिवस होऊनही आम्हा दोघींना ते माहीत नव्हतं.

“माणूस ओळखायचा तर दोन वेगळ्या जातीच्या खुणा पाहिजेत,” ती म्हणाली. “एक त्याच्या डोक्यातली, एक हातातली. पासवर्ड डोक्यात, मोबाईल हातात. पालकानं आपला नंबर टाकायचा, पासवर्ड टाकायचा, मग मोबाईलवर आकडा येईल, ओटीपी. तो टाकला की फाटक उघडायचं. चोराला एखादी खूण मिळंल, दोन्ही मिळणं अवघड.”

मला हे फार आवडलं. देवाच्या दारीसुद्धा नुसता मंत्र चालत नाही, हातात बेल लागतोच.

आकड्याचा निरोप मोबाईलवर पाठवायचा तर त्याचा मजकूर आधी मेसेज पाठवणाऱ्या कंपनीकडून मंजूर करून घ्यावा लागतो. मी सुचवलं की सुरुवातीला ‘श्री सिद्धेश्वर प्रसन्न’ असावं. वर्षाराणीनं माझ्या शब्दाला मान देऊन तसंच पाठवलं. मजकूर नामंजूर. कारण, ‘हा निरोप सेवेचा आहे की जाहिरातीचा हे स्पष्ट होत नाही.’ सिद्धेश्वराची जाहिरात! अप्पांना चेव आला. त्यांनी खात्यातल्या भाषेत खुलासा लिहिला, ‘उपरोक्त विषयी सविनय सादर की, सदर देवस्थान हे व्यावसायिक नसून...’ तोही कंपनीनं मजकूर समजून तपासला आणि लांबीमुळे नामंजूर केला. शेवटी वर्षाराणीनं साधं वाक्य लिहिलं: ‘तुमची मुलगी आज बाहेर पडत आहे. तुम्ही पाठवत असाल तरच हा आकडा सांगा.’ खाली आकडा. मी ते वाचलं आणि मनातल्या मनात हात जोडले. आम्ही दोघांनी देव आणि खातं मध्ये आणलं होतं. तिनं फक्त बापाला जे कळायला हवं तेवढं ठेवलं.

दसऱ्याला पालकांची बैठक बोलावली. एकेक पालक संगणकासमोर बसे, वर्षाराणी तोंड फिरवून उभी राही, पालक पासवर्ड ठरवी. आणि तिथून उठून सरळ स्वयंपाकघरात माझ्याकडं येई.

“काकू, माझा पासवर्ड तुमच्यापाशी राहू द्या. माझ्या काही ध्यानात राहायचा न्हाई.”

“अहो, तो कुणाला सांगायचा नसतो.”

“कुणाला कुठं? तुम्हालाच सांगून राहिलो. तुम्ही नेमाच्या बाई, तुमच्या तोंडून बाहेर पडायचा न्हाई.”

बायका ऑपरेशनला जाताना मंगळसूत्र माझ्याकडं ठेवत आल्यात, त्यातलाच हा प्रकार. नाही कसं म्हणणार? दिवस मावळेपर्यंत वसतिगृहाचे बहुतेक सगळे पासवर्ड माझ्याकडं जमा झाले. कुणाला सांगायचं नाही हे कबूल केलेलं, त्यामुळे सुनेलाही सांगता येईना. पालक विसरत, मला फोन करत, मी हळूच सांगे. तिकडे वर्षाराणीनं ‘पासवर्ड विसरलात?’ असं एक बटण फार मन लावून केलं होतं. त्याच्या आत चार रस्ते होते म्हणे. ते कुणी दाबेचना. ती पुण्याच्या मैत्रिणीला फोनवर सांगताना मी ऐकलं, “आमच्याकडच्या पालकांची स्मरणशक्ती काय आहे गं! एकसुद्धा विसरला नाही.”

शेवटी तिला शंका आली. “अव्वा, यांचे पासवर्ड तुम्हाला माहीत आहेत का?”

मी खोटं बोलत नाही आणि खरं बोलायची सोय नव्हती. मी गप्प राहिले. संध्याकाळ होती, माझ्या मौनाची वेळ नव्हती. तिनं ओळखलं. मला वाटलं, आता चिडेल. एवढी मेहनत, आणि सासूनं सगळ्या किल्ल्या एका पदराला बांधून ठेवल्या! ती हसत हसत पायरीवरच बसली. मग डोळे पुसून म्हणाली, “चूक माझीच हो. जी खूण लोकांना सांभाळायला जड जाते, ती खूण कसली? पासवर्ड काढून टाकते.” तिनं त्याच आठवड्यात पासवर्ड काढला आणि त्या जागी फोटो आणला. पोरीला न्यायला कोण येऊ शकतं, त्याचा फोटो पालकानं आधी समोर बसून नोंदवायचा. आलेला माणूस फोटोतला पाहिजे आणि पालकाच्या मोबाईलवरचा आकडाही पाहिजे. स्वतःचं केलेलं असं निमूट पुसणारी माणसं मी कमी पाहिली आहेत. मी भरतकाम उसवतानासुद्धा रडते.

आता ओटीपी सुरळीत चालेल असं वाटलं. पण त्या दिवसांत बँका लोकांना सांगत होत्या की आकडा कुणालाही सांगू नका. मी एका पालकांना फोन केला, म्हटलं, मोबाईलवर आकडा आला असेल, सांगा.

“न्हाई सांगणार.”

“अहो, मी काकू बोलतेय.”

“कशावरून?”

मी थक्क झाले. “माझा आवाज ओळखत नाही का?”

“आवाजाचं काय, तुमच्याच होस्टेलात स्टीलच्या ग्लासातून बाप बोलला म्हनं. खऱ्या काकू असाल तर सांगा, आज उपास हाय का?”

“आज नाही. पण एकभुक्त आहे.”

“आन या चातुर्मासात काय सोडलंय?”

“वांगं आणि खाटेवर झोपणं.”

“बराबर. लिहून घ्या आकडा.”

ही गोष्ट पालकांत पसरली. मग जो तो आकडा सांगण्याआधी मला माझे नेम विचारू लागला. देवाचं आणि माझं जे काय आहे ते मी कधी चारचौघांत बोलत नाही, आणि इथं भर दुपारी एक किराणा दुकानदार मला विचारतोय, “काकू, परदोष आज का उद्या?” मी वर्षाराणीकडं तक्रार केली. तिचे डोळे चमकले. “अव्वा, पालक कोण ते आपण विचारतो, पण आपण कोण ते त्यांना कसं कळणार, याचा मी विचारच केला नव्हता. आणि तुमचे नेम रोज बदलतात! याहून चांगली खूण मला कंपनीत कुणी दिली नसती.” तिनं निरोपात एक ओळ वाढवली. रोज सकाळी मी एक शब्द सांगायचा, तो पालकाच्या निरोपात जायचा आणि फोन केल्यावर मी तोच म्हणायचा. माझे उपास पुन्हा माझ्याकडं आले. सकाळी मौन असल्यानं शब्द मी पाटीवर लिहून देते. पहिल्या दिवशी ‘शांतता’ लिहिला.

असं संक्रांतीपर्यंत चाललं. संक्रांतीला यंत्रणेनं बिलोलीच्या पोरी अडवल्या.

बिलोलीकडच्या एकाच गावच्या चार पोरी आमच्या मागच्या खोल्यांत राहतात. मेसचं खात नाहीत, त्यांच्यासोबत आई राहते आणि रांधते. त्या चौघींच्या नावापुढं एकच मोबाईल नंबर होता. वर्षाराणीला वाटलं नोंदवताना चूक झाली. तिनं तो एकीला ठेवला आणि तिघींचा काढला. सणाला निघताना सरजाबाई चौघींना घेऊन फाटकाशी आल्या, तर संगणक एकीशिवाय कुणाला सोडीना!

“काय म्हनतंय तुमचं डबडं?” सरजाबाईंनी विचारलं.

“म्हणतंय, तुम्ही एकीचीच आई आहात.”

“आन ह्या तिघी मला काय ष्टॅंडवर सापडल्या?”

वर्षाराणी पुढं झाली. “मावशी, पण यांच्या आया वेगळ्या आहेत ना?”

“हायत की. गावाकडं हायत.”

“मग?”

“मग काय? या महिन्याला आई मी हाय. बारी माझी हाय.”

अप्पा पेपर बाजूला ठेवून उठून आले. रजियाभाभी कात्री हातात घेऊनच भिंतीवरून वाकल्या. सरजाबाईंनी पिशवी खाली ठेवून सगळं समजावलं. चार घरांच्या चार बाया. दर महिन्याला एकजण लातूरला येते आणि चौघींची आई होते. तेवढे दिवस तिचं शेत आणि म्हशी बाकीच्या तिघी बघतात. महिना भरला की दुसरी येते. जाणारी येणारीला शेगडी, मसाल्याचा डबा आणि मोबाईल देते. मोबाईल चौघींनी मिळून घेतलेला.

“म्हणजे मोबाईल कुणाचा?” वर्षाराणीनं विचारलं.

“कुणाचा म्हंजे? बारीचा.”

“आणि बारी देताना काय करता? नुसता मोबाईल हातात दिला की झालं?”

“न्हाई न्हाई. पोरींचा हात तिच्या हातात द्यायचा. मग तिनं म्हनायचं, बारी माझ्याकडं हाय, हातात हात दिल्याबिगर सोडणार न्हाई. तसं म्हनल्याबिगर आम्ही गाडीतच चढत न्हाई.”

वर्षाराणी सरजाबाईंच्या शेजारी पायरीवर बसली आणि मांडीवर लॅपटॉप घेऊन एकेक गोष्ट विचारू लागली. एखादी आजारी पडली तर? दोघींनी बारी बदलून घेतली तर? सरजाबाई सांगत होत्या आणि कौतुकानं तिच्या बोटांकडं बघत होत्या. “पोरगी हुशार हाय वो काकू, न बघता टायपिंग करती.” इकडे सून मला म्हणत होती, “अव्वा, आम्ही एक माणूस, एक मोबाईल, एक मूल असं धरून बसलो होतो.” दोघी एकमेकींवर अशा खूश होत्या की गाडीची वेळ झाली हे मलाच सांगावं लागलं.

अप्पांना मात्र स्फुरण चढलं. “हा तर पदभार! प्रभारी माता! कार्यभार हस्तांतरणाचा दाखला पाहिजे, तीन प्रतींत.”

दाखला नाही, पण वर्षाराणीनं त्यासाठी संगणकात वेगळा पडदा केला. बारी बदलली की दोघी बाया संगणकासमोर उभ्या राहतात. मोबाईलवर आकडा येतो, जुनी तो सांगते, नवीचा फोटो निघतो, आणि पडद्यावर सरजाबाईंचं वाक्य येतं. ते नवीनं मोठ्यानं म्हणायचं. वर्षाराणीनं त्यातला एक शब्दही बदलला नाही. अप्पांनी ‘सोडणार न्हाई’ ऐवजी ‘मुक्त करणार नाही’ सुचवलं होतं.

फेब्रुवारीत मनतशाला कावीळ झाली. मेसचं तेलकट बंद, घरी जायचं तर अभ्यास बुडणार. सरजाबाई स्वतःहून म्हणाल्या, “चार भाकरी करते, तिथं पाचवी. मऊ भात करून घालते.” मोहसीनभाई भेटायला आले, त्यांनी पोरीला मागच्या खोलीत जेवताना पाहिलं. जाताना वर्षाराणीपाशी आले. “बेटा, तुमच्या कंपूटरात दुसरा पालक लिहिता येतो का? सरजाबाईंचं नाव लिहा.”

“नाव नाही लिहिता येत, भाई. बारी लिहिता येईल. मग पुढच्या महिन्यात बाई दुसरी असेल.”

मोहसीनभाईंनी विचार केला. “ह्या बाया एकमेकींवर पोरी सोडतात ना? मग लिहा बारी.”

मे महिना आला. सीईटी नांदेडला, आणि मोहसीनभाई स्वतः येऊन मनतशाला नेणार होते. परीक्षेच्या आदल्या सकाळी त्यांच्याऐवजी एक जीप आली आणि त्यातून एक घामाघूम तरुण उतरला.

“काकू, मैं अमान, मनतशाचा मामू. भाईजान केळी धुवायच्या हौदापाशी घसरले, पाय मोडला. मला लावून दिलं.”

त्याचा फोटो नोंदलेला नव्हता. वर्षाराणीनं मोहसीनभाईंच्या मोबाईलवर आकडा पाठवला. फोन बंद. अमान म्हणाला, फोन हौदातच गेला. एवढ्यात माझा फोन वाजला. नंबर अनोळखी, आवाज घोगरा. “काकू, मी मोहसीन बोलतोय, दवाखान्यातून.”

हे वाक्य मी आधी ऐकलं होतं.

“आजचा शब्द सांगता येईल का?” मी विचारलं.

“शब्द मेसेजमधी येतो काकू, आन मोबाईल पाण्यात हाय.”

मला मनापासून वाटत होतं की हे मोहसीनभाईच आहेत. पण श्रावणातही मला मनापासूनच वाटलं होतं. पोरगी द्यावी तर शब्द जातो, आणि खोटं निघालं तर पोरगी जाते. न द्यावी तर तिची परीक्षा जाते. मनतशा दप्तर छातीशी धरून उभी. “काकू, खरंच मामू हाय तो.” अमान कपाळ बडवत होता, “या अल्ला, मैं सगा मामू! भाचीला विचारा, बकरीला विचारा, कोणाला बी विचारा!” रजियाभाभी भिंतीवरून म्हणाल्या, “अक्का, चेहरा तर मनतशासारखाच हाय.” अप्पा म्हणाले, लेखी आणा.

वर्षाराणी मात्र पडद्याकडं बघत होती. “अव्वा, दुसरा पालक आहे. बारी.”

आम्ही मागं गेलो. त्याच सकाळी बारी बदलली होती. सरजाबाई लगेचच्या गाडीनं गावी गेल्या होत्या. शेगडीपाशी भामाबाई होत्या, नुकत्याच आलेल्या, पिशवीसुद्धा पुरती उघडलेली नव्हती. घरी म्हातारी अंथरुणाला होती, म्हणून त्यांची बारी आजवर सरजाबाईच काढत होत्या. सकाळी संगणकासमोर त्यांनी ते वाक्य फार लाजत म्हटलं होतं. मोहसीनभाईंना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. मनतशाला पाहून त्यांना एक भाकरी भाजण्याइतका वेळ झाला असेल.

वर्षाराणीनं त्यांना सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. फोन खरा असेल, नसेल. माणूस मामा असेल, नसेल. “मावशी, तुम्ही आकडा दिला तर कंपूटर पोरीला सोडंल. पण ह्या माणसासोबत नाही, तुमच्यासोबत. फोटो तुमचाच आहे. नको वाटलं तर नाही म्हणा, कुणी काही म्हणणार नाही.”

भामाबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली. “सरजाच्या बारीत ही होती का?”

“होती.”

“मग माझ्या बारीत बी हाय.” त्यांनी ब्लाउजमधून मोबाईल काढला आणि आकडा एकेक करून वाचून दाखवला. मग विचारलं, “अर्धापूर किती लांब हाय?”

“नांदेडच्या पुढं.”

“आन ह्या चौघींचं?”

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी हात पुढं केला. वर्षाराणीनं बारी बदलायचा पडदा उघडला. चौघींचे हात माझ्या हातात आले, मोबाईल आला, मसाल्याचा डबा आला. मी वाक्य म्हटलं. संगणकानं माझा फोटो घेतला आणि पहिल्यांदाच मला हिरवा दिवा दाखवला.

तोवर भामाबाईंनी हात धुतले होते. अमाननं त्यांच्यासाठी पुढची सीट पुसून दिली. त्या पुढं बसल्या नाहीत. मागं मनतशाच्या शेजारी बसल्या, तिचा हात आपल्या हातात घेतला आणि अमानला म्हणाल्या, “चला.”